धोंडिरामने पुसलेले ठिपके

धोंडिराम खंडागळेला ठिपक्यांचा राग होता. साधासुधा नाही, पंचेचाळीस वर्षं मुरलेला.

त्याला कारणही तसंच होतं. सोळाव्या वर्षी तो जालन्याकडून मुंबईत आला आणि दादरच्या एका बॅनरच्या कारखान्यात चिकटला. तिथं समोर यायचा तो वर्तमानपत्रातून कापलेला बोटभर फोटो. कुणी पुढारी असो की साडीच्या दुकानाची जाहिरात, त्याचं वीस फुटी बॅनर करायचं. फोटोवर पेन्सिलीनं चौकोन आखायचे, कापडावर निळीत बुडवलेला दोरा ताणून फटके मारत मोठे चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. पण भिंग धरलं की त्या फोटोतलं नाक गायब, डोळा गायब, नुसते ठिपके. उस्ताद सांगायचे, "ठिपका छापखान्याचा, चेहरा माणसाचा. ठिपका पुसायचा, चेहरा काढायचा." ज्याच्या बॅनरवर गालाला पुरळ आल्यासारखे ठिपके दिसतील त्याच्या पाठीत ब्रशचा दांडा बसायचा. धोंडिरामच्या पाठीत तो दोनदाच बसला. पुढे कितीही भिकार छपाई येवो, त्यातून तुकतुकीत माणूस बाहेर काढायचा तर धोंडीनंच, असं सगळा कारखाना म्हणायला लागला.

मग फ्लेक्स आलं. तासाभरात हवं तेवढं मोठं चित्र मशीनमधून बाहेर. कारखान्याला कुलूप लागलं, उस्ताद गेले आणि धोंडिराम मुलुंडला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमनचा गणवेश घालून उभा राहिला. त्यालाही वीस वर्षं होत आली. एवढ्या काळात त्यानं रस्त्यावरच्या एकाही फ्लेक्सकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली उभे असलेले गुळगुळीत चेहरे त्याच्या लेखी मेलेले होते.

पण त्याला खरी सल होती ती वेगळीच. एकदा घाटकोपरच्या घरात जेवताना त्याची मुलगी दर्शना सहज बोलून गेली होती, "पप्पा, तुमचं एकही चित्र मी दुसऱ्यांदा बघितलं नाही." खरंच होतं. बॅनर आठ दिवसांचं, मग त्यावर पांढरा हात मारून पुढचं. आणि दर रविवारी नवं बॅनर चढवायचं, म्हणून रविवारी बाप कधी घरी नाही. लहानपणी ती बागेत न्या म्हणून मागे लागायची आणि तो म्हणायचा, पुढच्या रविवारी. दर्शना आता चौतीस वर्षांची होती, एका लॅबमध्ये रक्त तपासायची आणि बागेचं नाव काढत नव्हती. तिला दुसऱ्यांदा बघता येईल असं एक तरी चित्र आपल्या हातून राहावं, एवढंच धोंडिरामला वाटायचं. वाटून काय होतंय, म्हणून तो गेट उघडायचा आणि लावायचा.

सोसायटीसमोर पालिकेची बाग होती. तिची देखरेख करणाऱ्या नागरिक समितीच्या सचिव म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या अनुपमा परब. बँकेतून निवृत्त झालेली बाई, मूळ कुडाळची. एरवी बोलणं मोजकं नि धारदार, पण दचकली की मालवणी बाहेर पडायची. त्यांनी टूम काढली की बागेच्या तीन भिंतींवर बागांची जगप्रसिद्ध चित्रं रंगवायची. बागेत येणाऱ्यानं इतर शहरांतल्या बागाही बघाव्यात. सर्वेश नावाचा चित्रकलेचा विद्यार्थी त्याच्या चार मित्रांना घेऊन आला. त्यांनी एका भिंतीवर माने नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं पॅरिसच्या बागेतल्या गाण्याच्या मैफलीचं चित्र घेतलं, दुसरीवर व्हॅन गॉगची पिवळीहिरवी बाग. तिसऱ्या भिंतीसाठी त्यांच्याकडे दिवस उरले नाहीत, कारण परीक्षा आडवी आली.

"मॅडम, ती मी करतो," धोंडिराम म्हणाला.

अनुपमाबाईंनी त्याच्या गणवेशाकडे पाहिलं. त्यानं केबिनमधला रंगाचा डबा काढला आणि गेटवर त्यांच्या देखत 'येथे गाडी लावू नये' अशी ओळ पट्टी न लावता, खडू न मारता एका दमात लिहिली. अक्षरं दोऱ्यात ओवल्यासारखी सरळ. अनुपमाबाईंनी दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात एक रंगीत प्रिंट ठेवली. जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकारानं काढलेली पॅरिसजवळच्या बेटावरची बाग, रविवारची दुपार, असं त्या म्हणाल्या. उन्हात छत्र्या घेतलेल्या बायका, उंच टोप्यांचे बाप्ये, नदी, होड्या, एका बाईच्या हातात दोरी आणि दोरीला चक्क माकड.

रविवारची दुपार ऐकून धोंडिरामला आत कुठेतरी टोचलं. पण त्यानं सवयीनं भिंग काढलं आणि पुढच्या क्षणी त्याचं तोंड कडू झालं. ठिपके! गवतात ठिपके, पाण्यात ठिपके, बायकांच्या घागऱ्यांत ठिपके. त्यानं मनात त्या प्रिंटरला चार शिव्या हासडल्या आणि दुसऱ्या दुकानातून दुसरी प्रिंट काढून आणली. तिच्यातही तेच. तिसऱ्या दुकानातल्या पोरीला तो म्हणाला, "तुम्हा सगळ्यांच्या मशीनची वाट लागलीय." ती म्हणाली, "काका, नेटवर आहे तसंच येणार ना." तेवढ्यावर धोंडिराम काय समजायचं ते समजला. ज्यानं कुणी हे चित्र नेटवर टाकलं त्यानं ते एखाद्या जुन्या मासिकातूनच टाकलं असणार. हरकत नाही, असले ठिपके पुसण्यातच आपली उमर गेलीय.

बारा दिवस तो सकाळी सहाच्या बसनं मुलुंडला यायचा, दुपारच्या ड्युटीपर्यंत भिंतीशी उभा राहायचा. पंधरा फूट लांब, दहा फूट उंच. निळीच्या दोऱ्याचे फटके भिंतीवर पडले तेव्हा फिरायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. धोंडिरामच्या अंगात वीस वर्षांनी वारं शिरलं होतं. त्यानं एकेक ठिपका पुसून काढला. गवत मखमलीसारखं केलं, नदी आरशासारखी, बायकांच्या गालांवर तो प्रसिद्ध तुकतुकीतपणा. बाराव्या दिवशी, बुधवारी, त्यानं ब्रश धुतले आणि केवळ सवयीनं कोपऱ्यात नावासाठी वीतभर जागा मोकळी ठेवली.

त्याच दुपारी परीक्षा संपवून सर्वेश आला. भिंतीसमोर बराच वेळ कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काका, हात झकास आहे तुमचा. खरंच." मग तो जरा घुटमळला. "पण ठिपके कुठेत?"

"काढले," धोंडिराम अभिमानानं म्हणाला. "फार खराब छपाई होती."

सर्वेशनं तोंडावर हात धरला. हसू दाबायला नव्हे, कसं सांगावं ते कळेना म्हणून. मग त्यानं बाकावर बसून नीट सांगितलं. हे चित्र जगात गाजलं ते ठिपक्यांसाठीच. सरानं रंग एकमेकांत कालवले नाहीत, शेजारी शेजारी टिंबं ठेवली आणि रंग कालवायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यांवर सोडलं. दोन वर्षं लागली त्याला. "ठिपके नाहीत तर मग हे कॅलेंडर झालं, काका. सॉरी, पण कुणीही चित्रकार आला तर पहिलं हेच बोलणार."

मागून आलेल्या अनुपमाबाईंनी ते सगळं ऐकलं होतं. "अरे देवा, आता काय करूचा?" त्या म्हणाल्या आणि लगेच बँकेतल्या आवाजावर आल्या. "रविवारी पाच वाजता उद्घाटन आहे. सरकारी कला महाविद्यालयात शिकवणारे पाहुणे येतायत. मी फ्लेक्सची ऑर्डर देते. भिंतीएवढं, ठिपक्यांसकट. फ्रेमवर ताणून लावू. तुमची मेहनत वाया गेली याचं वाईट वाटतं मला, खंडागळे, पण चुकीचं चित्र नको."

फ्लेक्स. आपल्या चित्रावर फ्लेक्स. धोंडिरामनं डबे उचलले आणि तो गेटवर जाऊन उभा राहिला. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची खराब छपाई सुधारली, त्यानं जगातली एक चांगली गोष्ट सुधारून बिघडवली होती. त्याला इतकी लाज वाटली की सोसायटीत येणाऱ्या गाड्यांकडेही बघवेना.

घरी दर्शनानं ताट वाढलं. दोन घासांत त्यानं हात आखडता घेतला, तसं तिनं विचारलं आणि त्यानं सांगून टाकलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं मोबाइलवर ते चित्र काढलं, दोन बोटांनी मोठं केलं, आणखी मोठं केलं आणि त्याच्यासमोर धरलं.

"मी दिवसभर मायक्रोस्कोपमध्ये ठिपकेच बघते, पप्पा. जरा नीट बघा. हे सगळे एकसारखे आहेत का?"

धोंडिरामनं चष्मा चढवला. छापखान्याचा ठिपका त्याला झोपेतही ओळखता आला असता. तो रांगेत असतो, कवायतीला उभ्या पोलिसांसारखा. हे रांगेत नव्हते. एक गोल, एक लांबट, एकाला ब्रश उचलताना निघालेलं बारीक शेपूट. एका ठिकाणी केशरी टिंब निळ्याच्या अंगावर जरासं चढलं होतं. हात थकला असणार. गडी कडेला कंटाळलाही होता, हे धोंडिरामला दिसलं. हा माणूस होता! भिंगाखाली तीनतीनदा धरून तो आपल्याला दिसला नाही, कारण ठिपका म्हणजे मशीन हे उस्तादांनी डोक्यात ठोकलं होतं आणि आपण त्यानंतर कधी बघितलंच नव्हतं.

"दर्शे," तो म्हणाला, "हे मला येतं."

आणि खरंच येत होतं. चेहरा कोणत्या ठिपक्यांचा होतो हे मुंबईत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रंगीत पुरवणीतला गाल पिवळ्या आणि गुलाबी टिंबांचा, त्याची सावली निळ्या टिंबांची, हे त्यानं हजार वेळा पुसून पाहिलं होतं. आता उलट जायचं होतं, एवढंच.

गुरुवारी सकाळी तो अनुपमाबाईंच्या दारात उभा राहिला. "मॅडम, रविवारपर्यंत द्या. त्या भिंतीवर मी ठिपके देतो."

"तीन दिवसांत? त्याला दोन वर्षं लागली म्हणे."

"त्याला बाग काढायची होती. माझी काढून झालीय."

सर्वेशनंही बाजू घेतली. सरानंही आधी चित्र वेगळ्या पद्धतीनं रंगवलं होतं, ठिपके मागाहून दिले, असं त्यांना वर्गात शिकवलेलं. अनुपमाबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "फ्लेक्स रविवारी सकाळी दहाला येतंय. ऑर्डर मी रद्द करणार नाही. दहा वाजता भिंत बघेन. पटली तर राहील, नाहीतर वर फ्लेक्स. चालेल?"

"चालेल."

त्यानं तीन दिवसांची रजा टाकली आणि कामाला लागला. एकट्यानं. सर्वेश आणि पोरं मदतीला आली तर त्यानं त्यांना परतवलं. "एका चित्राला एकच हात," तो गुरगुरला. शुक्रवारी दुपारी त्यानं मागं होऊन पाहिलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. डावीकडची नदी आणि थोडं गवत, बस्स. चौथा हिस्सासुद्धा झाला नव्हता. खांदा वर जाईना. शिडीवर चढलं की त्याला त्या गरगरत्या टिंबांच्या पसाऱ्यात नाकासमोरचं काहीच कळत नव्हतं. एक निळं टिंब टाकायचं, उतरायचं, बागेच्या मधोमध जायचं, बघायचं, परत यायचं, चढायचं. असं करत चित्राला पुरं वर्ष लागलं असतं.

झाडाच्या पाराला टेकून तो धापा टाकत होता आणि अचानक त्याला उस्ताद आठवले. वीस फुटी बॅनर चढायचं तेव्हा उस्ताद बांबूच्या परांचीवर कधीच चढत नसत. ते रस्त्याच्या पलीकडे पानवाल्याच्या बाकड्यावर बसत आणि तिथून ओरडत. धोंडी, डावा गाल. धोंडी, थोडा काळा. वर लोंबकळणाऱ्या धोंडीला आपण नाक रंगवतोय की कान हेही दिसायचं नाही. चित्र दिसायचं ते पलीकडे बसलेल्यालाच. धोंडिराम जन्मभर परांचीवर राहिला होता. पलीकडे बसायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती, आणि ती आता आली होती.

"सर्वेश!" त्यानं हाक मारली. "पोरांना बोलव. पण माझ्या पद्धतीनं."

पद्धत अशी की एकाच्या हातात एकच रंग. निळा असलेल्यानं पिवळ्याला हात लावायचा नाही. पाच पोरं, पाच रंग, दोन शिड्या. धोंडिराम चाळीस फुटांवर पारावर बसला आणि त्याचा आवाज बागभर घुमायला लागला.

"पिवळा, गवतात ये! कडेला, कडेला. दाट नको रे, जेवण वाढतोयस का? निळा, छत्रीखाली जा. अजून दहा. बस! केशरी, तू का झोपलास?"

"काका, इथून काहीच दिसत नाहीये, यार," वरून सर्वेश ओरडला.

"तुला दिसायचं नाहीच. मला दिसतंय."

आणि त्याला दिसत होतं. पिवळी आणि निळी टिंबं एकमेकांच्या कुशीत गेली की सावलीत हिरवं हलायला लागायचं. तेच हिरवं त्यानं बुधवारपर्यंत डब्यात कालवून लावलं होतं, पण ते नुसतं बसून होतं. हे जिवंत होतं. धोंडिरामला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, आणि तो ओरडतच असल्यामुळे कुणाला काही वेगळं जाणवलं नाही.

शनिवारी सकाळी दर्शना आली. लॅबमधून सुट्टी घेऊन, जुना ड्रेस घालून. "मला कुठला रंग?" तिनं विचारलं. त्यानं तिला गुलाबी दिला. दिवसभर बाप चाळीस फुटांवरून लेकीवर खेकसत होता. "गुलाबी, हात सैल सोड! गुलाबी, खाली!" तीही वरून उलट बोलत होती, "पप्पा, पाय दुखतायत, जरा दम धरा ना!" इतकं ती दोघं मागच्या दहा वर्षांत मिळून बोलली नव्हती.

उन्हं कलताना सगळं झालं. राहिली ती चित्राच्या मधोमध आईचा हात धरून उभी असलेली पांढऱ्या फ्रॉकची मुलगी. सर्वेश म्हणाला, "सगळ्या चित्रात ही एकटीच समोर, आपल्याकडे बघते, काका. बाकी सगळे आपल्याच नादात आहेत." धोंडिराम पारावरून उठला. ती मुलगी त्यानं स्वतः केली, थोडं निळं, थोडं गुलाबी, चार पिवळी टिंबं. ती कुणासारखी दिसते हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. रविवारी बागेत न्या म्हणून मागे लागणारी एक पोर त्याला चांगली आठवत होती.

रविवारी दहाला टेम्पो आला आणि दोघा माणसांनी फ्लेक्सची लांबलचक गुंडाळी गेटपाशी टाकली. अनुपमाबाई तरातरा भिंतीशी गेल्या. अगदी जवळ, चष्म्याची काच लागेल इतक्या.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "नुसती टिकल्यांची पाकिटं फोडल्यासारखं दिसतंय."

"मॅडम, मागं या."

त्या दोन पावलं मागं आल्या.

"अजून या. अजून. बघू नका भिंतीकडे, माझ्याकडे बघा. या." तो पाराशी उभा होता, त्या त्याच्याकडे तोंड करून येत होत्या आणि भिंत त्यांच्या पाठीशी होती. त्या पाराशी पोचल्यावर तो म्हणाला, "आता वळा."

अनुपमाबाई वळल्या. सकाळचं ऊन भिंतीवर तिरपं पडलं होतं आणि बेटावरचं गवत थरथरल्यासारखं दिसत होतं.

"गो बाय माझे," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यां तर हलताहा."

मग त्यांनी पदरानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि बँकेतल्या आवाजात म्हणाल्या, "पेंटर, कोपऱ्यात नावासाठी जागा ठेवलीय ना? मग टाका नाव. पाहुणे यायच्या आत वाळायला हवं."

पेंटर! वीस वर्षांनी कुणीतरी त्याला त्या नावानं हाक मारली होती. धोंडिरामचा जीव भांड्यात पडला. त्यानं कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव टाकलं, धोंडिराम आणि मंडळी, घाटकोपर. 'आणि मंडळी' लिहिताना पोरांनी शिट्ट्या वाजवल्या.

आलेल्या फ्लेक्सचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. तो संध्याकाळी आपोआप सुटला. माळ्यानं नेमकं दुपारी भिंतीसमोरच्या हिरवळीला पाणी सोडलं होतं आणि उद्घाटनाला आलेल्या माणसांना बसायला कोरडी जागा नव्हती. अनुपमाबाईंनी क्षणभरही विचार न करता फ्लेक्स जमिनीवर अंथरायला लावलं. माणसं छापील नदीवर, छापील होड्यांवर चपला काढून बसली आणि समोरच्या भिंतीकडे बघत भेळ खायला लागली. पाहुणे बोलले, चांगलं बोलले, पण धोंडिरामचं तिकडे लक्ष नव्हतं. तो कडेला ओल्या गवतात उभा होता. त्या गुळगुळीत वस्तूवर पाय ठेवायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"पप्पा," दर्शनानं खालून हाक मारली. तिनं शेजारी थोडं सरकून जागा केली आणि तिथल्या छापील गवतावर हात थोपटला. "या ना, बसा. आज रविवार आहे."

धोंडिरामनं चपला काढल्या आणि तो लेकीच्या शेजारी जाऊन बसला.